चिमणी दाणे खाते, मग पिलांना काय भरवते?



आज थोडं वेगळं लिहितेय. दरवेळी एखादा पाठ, एखादा निबंध किंवा एखादा उपक्रम असतो. आज मात्र मी स्वतः केलेल्या एका चुकीबद्दल लिहिणार आहे. ती चूक लाल पेनाने केलेली होती. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या हातून तशी चूक होत असेल असं वाटतं, म्हणून मनमोकळेपणाने सांगते.

गेल्या फाल्गुनातली गोष्ट. तिसरीची परिसर अभ्यासाची छोटी चाचणी घेतली होती. एक प्रश्न होता, चिमणी काय खाते? एका वाक्यात उत्तर लिहा. सोपा प्रश्न. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, 'चिमणी दाणे खाते.' एका मुलीने मात्र लिहिलं होतं, 'चिमणी दाने खाती आणि पिल्लायला आळ्या चारती.'

मी 'आणि'च्या पुढच्या सगळ्या ओळीवर लाल रेघ मारली. शुद्धलेखनाचं तर सोडाच, पण उत्तरच जास्तीचं वाटलं. एका वाक्यात विचारलंय तर एका वाक्यात लिहावं, पुस्तकात आहे तेवढं लिहावं. अर्धा गुण कापला आणि पुढचा पेपर घेतला.

ती काही बोलली नाही. पेपर घडी करून दप्तरात ठेवला. दोन दिवसांनी पोषण आहाराच्या वेळी माझ्या ओढणीचं टोक ओढून म्हणाली, "मॅडम, चला ना, दावते."

पत्र्याखालचं घरटं

आमची शाळा जिल्हा परिषदेची, बालाघाटच्या डोंगररांगेच्या पायथ्याला. तीन खोल्या, पुढे पत्र्याचा व्हरांडा. व्हरांड्याचा पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये जी फट आहे, तिथे चिमण्यांचं घरटं दरवर्षी असतं. आपण रोज त्याच्या खालून जातो, पण मान वर करून बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

त्या दिवशी ताटं वाढून झाली होती. खिचडीची शितं ओट्यावर सांडलेली. एक चिमणी खाली उतरली, चार-पाच शितं टिपली, खाल्ली आणि उडाली. मी मनात म्हटलं, बघ, भातच तर खातेय. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आता बघा." चिमणी घरट्याकडे गेलीच नाही. ती थेट शाळेमागच्या परसबागेत कोबीच्या वाफ्यावर गेली. थोड्या वेळाने परत आली, तेव्हा चोचीत हिरवी लुसलुशीत अळी लोंबत होती. पत्र्याखाली शिरली. आतून चिवचिवाट झाला आणि लगेच शांत झाला.

आम्ही तिथेच बसलो. अर्ध्या तासात चिमणा-चिमणीच्या मिळून 11 फेऱ्या झाल्या. त्यातल्या ज्या ज्या फेरीत चोचीतलं काही दिसलं, त्यात कधी अळी होती, कधी छोटा नाकतोडा, एकदा कोळ्यासारखं काहीतरी. भाताचं शीत एकदाही नाही. शितं तर दोन हातांवर पडलेली होती. फुकटचं, जवळचं अन्न सोडून ती चिमणी एवढ्या लांब हेलपाटे का घालत होती?

मुलीने उत्तर दिलं तेही तिच्या घरातलंच. तिला सहा महिन्यांचा भाऊ आहे. म्हणाली, "बाळाला आपण भाकर देतो का मॅडम?"

खरं सांगते, डी.एड.ला बालमानसशास्त्राचे जेवढे तास झाले, त्यातलं एवढं सरळ वाक्य मला आठवत नाही.

त्या रात्री मी शोधून वाचलं. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत असेलच, पण आपल्यासारख्यांसाठी लिहिते. मोठी चिमणी प्रामुख्याने दाणे खाते, हे बरोबर आहे. तिची जाड, आखूड चोच दाणे फोडायलाच आहे. पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाला कोरडे दाणे पचत नाहीत. पिलू साधारण पंधरा दिवसांत घरट्याबाहेर पडायला तयार होतं. उघडंबोडकं, डोळे मिटलेलं मांसाचं गोळं ते पंख फुटलेला पक्षी, हा सगळा प्रवास दोन आठवड्यांत! एवढ्या वेगाने वाढायला प्रथिने लागतात आणि ती अळ्या-किड्यांत भरपूर असतात. शिवाय अळीत पाणी असतं. घरट्यात पिलांना कोण वाटीने पाणी पाजणार? म्हणून पहिले काही दिवस आई-बाप जवळजवळ फक्त कीटक भरवतात, आणि पिलं मोठी होऊ लागली की हळूहळू दाणे सुरू होतात. अगदी आपल्याकडच्या उष्टावणासारखं.

म्हणजे मुलीचं वाक्य बरोबर होतं. नुसतं बरोबर नव्हे, बाकीच्या सगळ्या पेपरांपेक्षा जास्त पूर्ण होतं. आणि नेमकं त्याच वाक्यावर मी रेघ मारली होती.

पळसाखालचा एक तास

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली. मी ठरवलं, आता पुस्तक बाजूला ठेवून मुलांनाच बघू द्यायचं. शाळेपासून पाच मिनिटांवर बांधाला एक मोठा पळस आहे. पानं गळून गेलेली आणि सगळा केशरी फुलोरा. सकाळी साडेसातला तिसरी-चौथीची 23 मुलं घेऊन गेले. काम एकच दिलं. झाडावर कोण कोण येतं आणि काय करतं, ते वहीत लिहायचं. नाव माहीत नसेल तर रंग लिहायचा.

पाच मिनिटांत ओरडा झाला, "मॅडम, कावळा फूल खायलाय!"

कावळा फूल खात नव्हता. तो फुलात चोच घालून मध पीत होता. मग साळुंक्या आल्या. त्या तर डोकं आत घालून बाहेर काढत होत्या आणि कपाळावर पिवळे परागकण लागत होते. बुलबुल आले. कोतवाल आला. कोतवालाला आम्ही 'किडे खाणारा' म्हणून शिकवतो, गुराच्या पाठीवर बसतो, उडते किडे पकडतो वगैरे. तो एका फुलातून मध प्यायचा आणि फुलावर आलेला किडा दिसला की झडप घालायचा. एका झाडावर दोन्ही जेवणं! शिंजीर आला, तो तर मध पिणारा म्हणून प्रसिद्धच आहे. पोपट आले आणि त्यांनी नासधूस केली. ते फूल तोडतात, देठाकडच्या बाजूने कुरतडतात आणि टाकून देतात. झाडाखाली फुलांचा सडा का पडतो, याचं एक उत्तर मुलांना मिळालं. एक खारही होती, तिला मुलांनी आग्रहाने पक्ष्यांच्या यादीत घातलं, मी राहू दिलं.

मुलांच्या वहीत त्या दिवशी आठ नावं झाली. वर्गात आल्यावर मी फळ्यावर पुस्तकातले गट लिहिले. दाणे खाणारे, फळे खाणारे, किडे खाणारे, मांस खाणारे, मध पिणारे. म्हटलं, आता आपले पक्षी यात बसवा. कावळ्यावरून भांडण लागलं. साळुंकी कुठे टाकायची, कोतवाल कुठे? शेवटी एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, सगळेच मधाच्या रांगेत यायलेत."

फाल्गुनात असं का होतं, हे समजून घ्यायला हवं. आपल्या भागात या दिवसांत ओढे आटतात, गवत वाळतं, बऱ्याच झाडांची पानं झडतात. नेमकं याच वेळी पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. त्यांची फुलं मोठी, भडक रंगाची, आणि मध भरपूर. काटेसावरीचं फूल तर वाटीसारखंच असतं. पक्ष्यांना त्यातून साखर मिळते आणि ओलावाही मिळतो. झाड हे फुकट देत नाही बरं का. साळुंकीच्या कपाळावर जे पिवळं लागतं, तेच पुढच्या फुलाला पोचतं आणि शेंग धरते. म्हणजे कावळा, साळुंकी, बुलबुल हे सगळे फाल्गुनात मधमाशीचंच काम करतात. हे शिकवायला पळसापेक्षा चांगला फळा कुठला?

भोरड्यांचं काय?

आमच्याकडे ज्वारीचा पट्टा आहे. त्यामुळे भोरड्या म्हणजे काय, हे मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. रब्बीची ज्वारी निसवली, दाणा भरू लागला की भोरड्यांचे थवेच्या थवे येतात. मग घरातलं कोणीतरी माळ्यावर बसून गोफण फिरवतं, नाहीतर पत्र्याचा डबा वाजवतं. आमची कितीतरी मुलं डिसेंबर-जानेवारीत याच कामासाठी शाळेला दांडी मारतात. त्यामुळे भोरडी म्हणजे शत्रू, हे पक्कं.

आणि त्या दिवशी पळसावर आठवं नाव होतं भोरडीचं. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. मुलं चकित झाली. "ही तर आपली ज्वारी खाती, इथं काय करायली?"

भोरडीचं वर्षाचं ताट फार मजेशीर आहे. थंडीत आपल्या रानातली ज्वारी. फाल्गुन-चैत्रात पळस-काटेसावरीचा मध, आणि जी मिळतील ती फळं. मग एप्रिलपर्यंत ती निघून जाते, पार मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांकडे. तिथे तिची विण होते. आणि तिथे ती व तिची पिलं खातात काय? तर टोळ आणि नाकतोडे! पिकं फस्त करणारे टोळ. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून भोरड्यांना घरटी करायला दगड-विटांच्या मुद्दाम जागा बांधून दिल्या आहेत. आपण जिला गोफणीने हाकलतो, तिला तिथे जागा करून बोलावतात. पक्षी तोच, फक्त महिना आणि गाव बदललं.

मी मुलांना असं सांगितलं नाही की आता भोरड्या हाकलू नका. ज्वारी हे त्यांच्या घरचं वर्षाचं धान्य आहे. तिथे मी शहाणपणा शिकवणं बरं नाही. मी एवढंच विचारलं, भोरडी काय खाते, याचं उत्तर एका शब्दात लिहिता येईल का? सगळे म्हणाले, "नाही." एक जण म्हणाला, "कोणत्या महिन्यात, ते आधी विचारा."

हे वाक्य मी माझ्या टाचण वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

खंड्या आणि होला

मुलांना एकदा बघायची चटक लागली की थांबत नाहीत. पुढच्या आठवड्यात एकाने प्रश्न आणला. "मॅडम, खंड्या मासे खातो ना? मग आपला ओढा तर आटलाय. तो विहिरीजवळच्या तारेवर बसून खातो काय?" दोन दिवस नजर ठेवली आणि त्यानेच येऊन सांगितलं की खंड्याने सरडा पकडला आणि तारेवर आपटून आपटून खाल्ला. पांढऱ्या छातीचा आपला नेहमीचा खंड्या पाण्यापासून लांब राहतो आणि नाकतोडे, सरडे, पाली, बेडूक सगळं खातो. मासे मिळाले तर मासे. पुस्तकातलं चित्र मात्र कायम चोचीत मासा धरलेलं.

मग होल्याचा विषय निघाला. शाळेच्या खिडकीच्या वर होल्याची जोडी चार काड्यांचं घरटं करते. होला तर पक्का दाणे खाणारा. मुलांनी अंदाज केला, होलासुद्धा पिलांना अळ्या आणत असेल. तास-तास बसून पाहिलं, अळी काही दिसेना. पिलू आपली चोच आई-बापाच्या चोचीत आत घालायचं आणि दोघं मान हलवायचे. मुलं म्हणाली, हे काय करायलेत?

हे मात्र मला आधीपासून थोडं माहीत होतं. पारवे आणि होले यांच्या गळ्यातल्या अन्नाच्या पिशवीत पिलांच्या पहिल्या दिवसांत दह्यासारखा दाटसर पदार्थ तयार होतो. त्याला 'कबुतराचं दूध' म्हणतात. ते गाई-म्हशीच्या दुधासारखं नसतं, पण प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ त्यात भरपूर असतात. गंमत म्हणजे हे दूध आईला येतं तसंच बापालाही येतं. उजनीच्या पाण्यावर येणारे रोहित पक्षीसुद्धा आपल्या पिलांना असंच गळ्यातलं दूध पाजतात. हे सांगितल्यावर वर्गातली मुलं पाच मिनिटं नुसती हसत होती. पण मुद्दा त्यांना नेमका कळला. चिमणी आणि होला दोघे दाणे खाणारे, एकाच शाळेच्या भिंतीवर राहणारे. पिलांची गरजही सारखीच. चिमणी ती गरज अळीने भागवते आणि होला स्वतःच्या अंगातून.

परसबागेतली अडचण

आता या लेखातला अवघड भाग.

आमच्या परसबागेत कोबीला हिरवी अळी लागली होती. तीच, जी चिमणी नेत होती. पानांना भोकं पडली होती. मुख्याध्यापकांनी सांगितलं, औषध मारून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीतले एक पालक स्वतःचा पंप आणि औषध घेऊन शनिवारी यायला तयार झाले. पैसेही घेणार नव्हते. मीही हो म्हटलं होतं. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

शुक्रवारी त्याच मुलीने विचारलं, "फवारल्यावर चिमणी पिल्लायला काय नेईल?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याच आठवड्यात 20 मार्च होता, जागतिक चिमणी दिन. आम्ही पुठ्ठ्यांची घरटी केली होती, मातीच्या वाट्यांत तांदूळ आणि पाणी ठेवलं होतं, फोटो काढून गटावर टाकले होते. भिंतीवर 'चिमणी वाचवा' लिहिलेला तक्ता होता. आणि तक्त्यामागच्या वाफ्यावर आम्ही तिच्या पिलांचं जेवण मारायला निघालो होतो. हे दोन्ही मीच केलं होतं, आणि माझ्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकत्र आल्याच नव्हत्या.

मी त्या पालकांशी बोलले. ते रागावले नाहीत, पण त्यांनी विचारलं, "मॅडम, कोबी पोरांनी खायचा का चिमण्यांनी?" हा प्रश्न खोटा नाही. परसबाग पोषण आहारासाठीच असते. आणि शेतावर पोट असणाऱ्या माणसाला किडीकडे बघत बसा असं सांगता येत नाही. शेवटी असं ठरलं की फवारणी पंधरा दिवस थांबवायची. तोवर मुलांनी रोज सकाळी पानं उलटून अळ्या वेचायच्या. वेचलेल्या अळ्या आम्ही ओट्यावर ठेवायला लागलो, चिमण्यांसाठी. त्यावर पहिला डल्ला साळुंक्यांनी मारला, ते जाऊ द्या.

हिशोब प्रामाणिकपणे सांगते. 22 गड्डे होते, त्यातले 7 खाण्यासारखे राहिले नाहीत. घरट्यातलं एक पिलू खाली पडून मेलं, मुलांनी ते चिंचेखाली पुरलं. दोन पिलं उडाली. उडाली त्या दिवशी ती मुलगी शाळेत नव्हती, तिच्या घरी लग्न होतं. सोमवारी आल्यावर तिला सगळ्यांनी मिळून सांगितलं.

चिमणीच्या या जेवणाकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, याचं फार मोठं उदाहरण इतिहासात आहे. 1958 साली चीनमध्ये चार उपद्रवी जिवांविरुद्ध देशभर मोहीम सुरू झाली. उंदीर, माश्या, डास आणि चिमण्या. चिमण्या धान्य खातात, एवढा एकच हिशोब धरला होता. लोकांनी थाळ्या, डबे, ढोल वाजवून चिमण्यांना बसूच दिलं नाही, त्या थकून खाली पडल्या. घरटी मोडली, अंडी फोडली. ती चिमणी आपल्या घरचिमणीची जवळची नातलग, आणि तीही पिलांना किडेच भरवते. चिमण्या गेल्या आणि पिकांवरच्या किडी वाढल्या. 1960 मध्ये यादीतून चिमणीचं नाव काढलं आणि त्याजागी ढेकूण घातला. पुढे तिथे जो भीषण दुष्काळ पडला, त्याची कारणं अनेक होती, पण चिमण्यांचा हा संहार त्यात भर घालणारा ठरला.

एका देशाने 'चिमणी दाणे खाते' हे अर्धं वाक्य पूर्ण धरलं. मी चाचणीत तेच केलं होतं.

"पण परीक्षेत काय लिहायचं?"

हा सगळा अनुभव मी केंद्राच्या शिक्षण परिषदेत सांगितला, तेव्हा काही सहकाऱ्यांनी चांगले प्रश्न विचारले. एक सर म्हणाले, "तिसरीच्या पोराला आधी वर्गीकरण तर येऊ द्या. एवढे अपवाद सांगितले तर गोंधळ उडेल." एक ताई म्हणाल्या, "माझ्या वर्गात 40 मुलं आहेत, बाहेर कशी नेऊ?" आणि सगळ्यांचा मिळून एक प्रश्न, "पेपरात उत्तर एकच असतं."

मला वर्गीकरण नको आहे असं नाही. चोच पाहून अन्नाचा अंदाज करायला शिकवणं फार उपयोगी आहे. जाड चोच, आकडेबाज चोच, लांब बारीक चोच, हे मुलांना आवडतंही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवू या. चोच म्हणजे पक्ष्याचं अवजार. विळा गवत कापायला असतो, पण आपली आई त्याच विळ्याने भाजी चिरते आणि शहाळंही फोडते. अवजार बघून रोजचं सगळं काम सांगता येत नाही.

आणि गोंधळाचं म्हणाल, तर माझा अनुभव उलटा आहे. मुलं गोंधळली नाहीत, मी गोंधळले होते. मुलांना घरचं उदाहरण माहीत आहे. थंडीत हुरडा, उन्हाळ्यात आमरस, बाळाला दूध, आजीला मऊ भात. एकाच घरातली माणसं, एकाच घरातली ताटं, तरी वय आणि महिना बदलला की जेवण बदलतं. पक्ष्यांचं तसंच आहे, एवढंच सांगायचं.

माझं मत स्पष्ट आहे. 'अमुक पक्षी काय खातो?' या प्रश्नाचं एका शब्दाचं उत्तर मागणं आपण थांबवावं. त्याऐवजी 'प्रामुख्याने काय खातो?' असं विचारावं. आणि जे मूल पुस्तकापेक्षा जास्त लिहील, त्याच्या उत्तरावर रेघ मारण्याआधी एकदा त्याला विचारावं, "हे तू कुठं बघितलंस?" एवढाच प्रश्न. उत्तर चुकीचं असेल तर लगेच कळतं. आणि बरोबर असेल तर आपल्यालाच काहीतरी मिळतं.

सलीम अली यांच्या लहानपणची गोष्ट आपण मुलांना सांगतो. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ही कोणती चिमणी हे घरात कोणाला सांगता येईना, म्हणून तो मुलगा ती घेऊन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला परत पाठवलं नाही. पक्षी ओळखून दिला आणि संस्थेतले जपून ठेवलेले पक्षी त्याला दाखवले. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी सलीम अलींचं कौतुक करतो. मला आता त्या गोष्टीत मिलार्डसाहेब जास्त दिसतात. आपण शिक्षक आहोत, आपली जागा त्या टेबलामागे आहे.

वर्गात करून बघण्यासारखं

वेळ आणि मुलांची संख्या बघून यातलं एखादं तरी करता येईल:

1. एका झाडाची वही. फाल्गुन-चैत्रात जवळचा पळस, पांगारा किंवा काटेसावर निवडा. सकाळी वीस मिनिटं पुरेत. कोण आलं आणि काय केलं, एवढे दोनच रकाने. 40 मुलं असतील तर पाळीने दहा-दहा मुलं न्या.

2. फेऱ्या मोजणे. वर्गाच्या खिडकीतून घरटं दिसत असेल तर उत्तमच. पंधरा मिनिटांत किती फेऱ्या, चोचीत काय. गणितातला स्तंभालेख यावरच काढून घ्या.

3. महिना आणि ताट. एक पक्षी निवडून बारा महिन्यांचा तक्ता. घरातल्या आजी-आजोबांना विचारून भरायचा. भोरडीची माहिती आम्हाला सगळ्यात जास्त आजोबांकडूनच मिळाली.

4. परसबागेचा एक वाफा. निदान एक वाफा बिनफवारणीचा ठेवा. अळ्या हाताने वेचा आणि त्या वाफ्यावर कोण येतं ते बघा.

काळजीही घ्यायची आहे. घरट्यापासून दहा-पंधरा पावलं लांब बसायचं. घरट्यात हात घालायचा नाही, अंडी-पिलं हातात घ्यायची नाहीत, फ्लॅश टाकून फोटो काढायचे नाहीत. आपण फार जवळ गेलो तर आई-बाप घरट्याकडे यायचं टाळतात आणि पिलं उपाशी राहतात. उन्हाळ्यात पाण्याची वाटी जरूर ठेवा, रोज धुऊन ठेवा. तांदूळ-ज्वारी मूठभर ठेवायला हरकत नाही, मोठ्या चिमण्या खातील. फरसाण, बिस्किटं, तिखट-मिठाचं काही टाकू नका. आणि पिलांसाठी काय ठेवायचं, असं कोणी विचारलं तर सांगा, थोडं गवत, थोडी झुडपं, देशी झाडं आणि एखादा वाफा न फवारता. तेवढं असेल तर चिमणी स्वतः आणते.

शेवटी त्या पेपराचं सांगते. मी तो परत मागितला. दप्तरात चुरगळलेला होता, मुलीला वाटलं आणखी काही चुकलं. लाल रेघ पुसता येत नाही. मी खाली निळ्या पेनाने 'उत्तर बरोबर. मॅडमनेही बघितले.' असं लिहिलं, अर्धा गुण वाढवला आणि सही केली. तिने तो वाचला आणि विचारलं, "मग आता पुस्तकात पण लिहायचं का?"

मी म्हटलं, तुझ्या पुस्तकात लिही. तिने पेन्सिलने चिमणीच्या चित्राच्या चोचीत एक छोटी अळी काढली. पुस्तकं पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलांना द्यायची असतात, त्यावर लिहू नका, असं मी एरवी सांगते. या वेळी सांगितलं नाही.